लेणे क्रमांक पाच : महारवाडा

सहल हा शब्द आमच्या वस्तीत उशिरा आला. आमची माणसे गाव सोडून जात ती पोटासाठी, बाजाराला, नाहीतर कुणाच्या मयतीला. नुसते बघण्यासाठी कुठे जायचे असते, ही कल्पनाच आमच्या बापजाद्यांना परकी होती. मला ती पहिल्यांदा कळली १९७४ साली. अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातला मी चौदा वर्षांचा मुलगा. बा सालगडी होता. सहलीची वर्गणी त्याने सालाच्या पैशातून उचल घेऊन दिली. आमची एस.टी. अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई करत शहागडला गोदावरी ओलांडून औरंगाबादेत शिरली, तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. एक गाइड सोबत होता. तो लेण्यांचे नंबर आणि नावे भराभर सांगत पुढे चालला होता. पाचव्या लेण्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "हा महारवाडा."

मुले हसली. मागून कुणीतरी म्हणाले, "आरं, तुझं घर आलं की!" गुरुजींनी ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे करून ते पुढच्या लेण्याकडे वळले. मीही हसलो. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकाच मोठ्याने. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

घरी आल्यावर बाने विचारले, "काय काय बघितलास रं?" मी कैलास सांगितला, हत्ती सांगितले, मकबरा सांगितला. महारवाडा सांगितला नाही. तो चार-पाच दिवसांनी, रात्री जेवताना तोंडून निसटला. बा घास हातात धरून थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "डोंगरात बी महारवाडा हाय म्हन. मंग गाव कुठं हाय तिथलं?"

पुढे मी भूगोलाचा शिक्षक झालो. पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत कितीतरी वर्ग त्याच वाटेने वेरूळला नेले, आणि गाइड न घेता स्वतःच मुलांना सगळे दाखवत गेलो. बाच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी या सहलींमधून शोधत आलो. जे सापडले ते इथे मांडतो आहे. आज जे शिक्षक आणि कार्यकर्ते मुलांना घेऊन त्या बाजूला जातात, त्यांच्या ते उपयोगी पडावे एवढाच हेतू.

१

वेरूळची सहल मी गावातल्या विहिरीपासून सुरू करतो.

ज्वालामुखी म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पुस्तकातले चित्र येते : शंकूसारखा डोंगर, टोकाला तोंड, वर धूर. असा डोंगर मराठवाड्यात नाही, म्हणून ज्वालामुखी ही परदेशातली गोष्ट, असे मुलांना वाटते. खरे म्हणजे आपण जन्मभर ज्वालामुखीवरच चालत असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहत बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्याचा खडक बनला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे एकावर एक थर साचत गेले. झिजून झिजून आज जो भाग उरला आहे, तोही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. आपला काळा दगड तो हाच. शास्त्राच्या भाषेत बेसाल्ट, मराठी पुस्तकांत काळवथर. तोच झिजून आपली काळी जमीन झाली, जिच्यात ज्वारी आणि कापूस पिकतो.

हे सगळे विहिरीच्या कडेला उभे राहिले की दिसते. वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग मऊ, भुसभुशीत, बारीक भोकांचा दगड. लाव्हातली वाफ आणि वायू बाहेर पडताना ही भोके राहिली. काहींत पुढे पांढरी खनिजे साचली. लहानपणी आम्ही ती गारगोटी म्हणून गोळा करायचो. त्याखाली घट्ट काळा पाषाण. मध्येच कुठे विटेसारखा तांबडा पट्टा लागतो. एक लाव्हा थंडावल्यावर आणि दुसरा येण्याआधी मधल्या काळात जी माती तयार झाली, ती पुढच्या लाव्हाने भाजली, तिचा तो पट्टा. हे थर माझ्या बाला शाळेत न जाता ठाऊक होते. उन्हाळ्यात तो विहिरी खोदायला जाई. घणाचा आवाज ऐकून तो सांगायचा की आता पाणी जवळ आहे की अजून दोन पुरुष खोल जायचे आहे.

आणि पाणी लागले की त्या विहिरीवर त्याचा हक्क संपायचा. ज्याने पाषाण फोडून झरा मोकळा केला, त्यालाच पुढे ओंजळ धरून उभे राहावे लागे. मी मुलांना खडकाचे थर दाखवतो तेव्हा ही गोष्टही सांगतो. भूगोलाच्या तासाला ही कशाला, असे एका सहकाऱ्याने मला एकदा विचारले होते. मी म्हणालो, विहीर कुणी खोदली हे न सांगता थर शिकवले तर तो धडा अर्धाच राहतो.

२

औरंगाबाद शहर (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पाहताना बहुतेक सहली मकबऱ्यापुढे फोटो काढतात आणि पाणचक्की बघून निघतात. मी मुलांना आधी विचारतो, हे गाव वसवले कुणी? उत्तर बहुधा कुणा बादशहाचे येते. खरे उत्तर आहे : एका गुलामाने.

मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतला, हबशी. लहानपणी तो बाजारात विकला गेला आणि धनी बदलत बदलत दख्खनला पोचला. इथे तो स्वतःच्या कर्तृत्वाने निजामशाहीचा वजीर झाला, आणि गनिमी काव्याने त्याने मोगलांना वर्षानुवर्षे रोखून धरले. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या गावी राजधानी वसवली. खडकी! खडकावरचे गाव. अशा जागी पाण्याशिवाय शहर जगणार नाही, म्हणून त्याने जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळला जाणारी कितीतरी वाहने तिच्या जवळून जातात, पण थांबतात थोडी.

त्याच्या मुलाने शहराचे नाव फतेहनगर केले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झाले. आता तेही बदलले. ज्याने खडकाला पाणी पाजले, त्या गुलामाचे नाव मात्र शहराला कधीच मिळाले नाही. नावे देण्याचा अधिकार कुणाकडे असतो, हा प्रश्न मुलांच्या मनात इथे एकदा पेरून ठेवावा. पुढे तो कामाला येतो.

३

शहरातून वेरूळकडे निघाले की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. मुलांना भुयारी अंधारी बघायची घाई असते. मी त्यांना आधी बाहेर उभे करतो आणि १९३४ सालची सहल सांगतो.

त्या वर्षी बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर याच वाटेने आले होते. चळवळीतल्या माणसांनी चार दिवस हिंडून यावे, वेरूळची बौद्ध लेणी पाहावीत, असा साधा बेत होता. सुमारे तीस माणसे होती. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले एक टाके होते. काहींनी तिथे हातपाय धुतले आणि मंडळी दरवाजापाशी गेली. रमजानचा महिना होता. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत मागून आला की या लोकांनी टाके बाटवले. जमाव जमला. शिवीगाळ झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही बोल लावला गेला. तेव्हा बाबासाहेबांनी संतापून विचारले की हेच तुमचा धर्म शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाणी नाकाराल काय? त्यावर कुणाला उत्तर देता आले नाही. शेवटी किल्ल्यात सोडले ते एका अटीवर : आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत तो येतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या. प्रसंग सांगताना मी मुलांना दोन गोष्टी बजावतो. पहिली : तो म्हातारा मुसलमान होता म्हणून कुणी आपल्या मनात मुसलमानांविषयी विष कालवू नये. जात ही हिंदू समाजात उपजली आणि इथल्या सगळ्यांच्या पाण्यात मिसळली, हा बाबासाहेबांच्या सांगण्याचा अर्थ आहे. दुसरी : ज्या माणसाकडे कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या होत्या, त्याच्या सहलीलाही पहारेकरी लागला. तेव्हा १९७४ साली एका पोराला कुणी 'तुझं घर आलं' म्हणून हसले, तर ते पोरगे एकटे नव्हते. पण त्या दिवशी मला हे सांगणारे आमच्या गाडीत कुणी नव्हते.

४

आता वेरूळ. चौतीस लेणी. दक्षिणेच्या टोकाकडून १ ते १२ बौद्ध, मध्ये १३ ते २९ हिंदू, उत्तरेला ३० ते ३४ जैन. हा सगळा डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. थर आडवे आणि घट्ट असल्यामुळेच त्यात प्रशस्त दालने कोरता आली. कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६, वरून खाली कोरत आणले. बांधकामात चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो. इथे ती सोय नव्हती. किमान दोन लाख टन दगड काढून टाकला असावा, असा अंदाज सांगतात. तो दगड कुणीतरी फोडला आणि कुणीतरी डोक्यावरून वाहिला. छिन्नी धरणाऱ्याचे निदान कौतुक तरी होते. पाटी वाहणाऱ्याची आठवणसुद्धा कुणाला येत नाही.

हे मंदिर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, आठव्या शतकातले. पुढच्या शतकातल्या एका ताम्रपटात त्याचे वर्णन आहे. बडोद्याला सापडलेला तो ताम्रपट सांगतो की हे काम पाहून देव चकित झाले, आणि प्रत्यक्ष कारागीरही म्हणाला की हे माझ्या हातून कसे घडले! राजाचे नाव ताम्रपटात आहे. देवांचे आश्चर्य आहे. कारागिराचे आश्चर्यही आहे. नाही ते फक्त कारागिराचे नाव.

गाइड मंडळी ही जागा दंतकथेने भरतात. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, विश्वकर्म्याने कोरली, असे सांगतात. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ज्वालामुखीचा धडा शिकवताना मी दक्षिण अमेरिकेतल्या क्विटो शहराचे उदाहरण देतो. अँडीज पर्वतात, पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी ते वसले आहे. १५३४ मध्ये स्पॅनिश लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे नगर ताब्यात घेऊन त्यावर आपले शहर उभारले. तिथे सान फ्रान्सिस्कोचे भव्य चर्च आहे. त्याच्या दगडी अंगणाची एक कथा तिथे येणाऱ्या प्रवाशांना सांगतात : कांतुन्या नावाच्या एका मूळनिवासी माणसाने ते बांधायचा ठेका घेतला, मुदतीत काम होईना, तेव्हा त्याने सैतानाशी करार केला. सैतानाने रातोरात काम उरकले, पण एक दगड बसवायचा राहिला म्हणून कांतुन्याचा आत्मा वाचला. कथा चतुर आहे. पण नीट पाहिले तर तिथे राबलेल्या माणसांचे श्रम तिने सैतानाच्या खात्यावर जमा केले आहेत. आपल्याकडे ते पांडवांच्या खात्यावर जमा होतात. क्विटो १९७८ मध्ये जागतिक वारसा झाले, वेरूळ १९८३ मध्ये. वारसा जगाचा झाला तरी राबणाऱ्याच्या नावाचा रकाना दोन्हीकडे कोराच आहे.

५

आता बाच्या प्रश्नाकडे येतो. मग गाव कुठे आहे?

गाव तिथेच आहे. लेण्यांची लोकांच्या तोंडची नावे नुसती वाचून पाहावीत. क्रमांक १० म्हणजे 'सुताराचे झोपडे'. क्रमांक २४ म्हणजे 'तेल्याची घाणी'. क्रमांक २५ म्हणजे 'कुंभारवाडा'. आणि दक्षिणेच्या कडेला क्रमांक ५, 'महारवाडा'. सुतार, तेली, कुंभार आणि एका टोकाला महार. आपले गाव जसे मांडलेले असते तसेच ते डोंगरावर मांडले आहे. १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात तर दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांच्या समूहालाच 'ढेडवाडा' हे नाव नोंदले आहे. साहेबांनी ते स्वतः रचले नव्हते. लोकांच्या तोंडून ऐकले आणि छापले. त्या शिवीला अशी ग्रंथात जागा मिळाली.

ही नावे लेणी कोरणाऱ्यांनी दिलेली नाहीत. बौद्ध भिक्खू तिथून गेले, लेणी ओस पडली, बुद्धाची ओळख पुसली गेली, आणि मग पुढच्या काळातल्या माणसांनी त्या रिकाम्या दालनांना आपल्या ओळखीची नावे दिली. त्यांना ओळखीचे होते ते फक्त जातींचे गाव. दहाव्या लेण्यातले छत लाकडी वाशांसारखे कोरलेले आहे, म्हणून ते सुताराचे. तिथे बसलेल्या बुद्धाला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी पुजायला येत. बुद्ध समोर बसलेला असूनही लोकांना तो दिसेना, इतकी आपली नजर जातीने घडवलेली होती.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांना एक सांगावेसे वाटते. 'महारवाडा' या नावावरून काही जण उत्साहाने म्हणतात की हे लेणे आपल्या पूर्वजांनी कोरले. तसा पुरावा या नावात नाही. नाव नंतरचे आहे, आणि ते अभिमानाने दिलेले नाही. खोट्या आधारावर अस्मिता उभी करण्याची आपल्याला गरज नाही. आत जाऊन जे दिसते ते पुरेसे आहे.

आत काय दिसते? सुमारे ११७ फूट लांब आणि त्याच्या निम्म्याइतके रुंद दालन. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. कडेला भिक्खूंच्या खोल्या. शेवटी गाभाऱ्यात बुद्ध. आणि मधोमध, दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दगडातच कोरलेले दोन लांब, बुटके ओटे. भिक्खूंनी ओळीत बसून पठण करावे किंवा जेवावे यासाठी ते असावेत, असे अभ्यासक मानतात. मी मुलांना त्या ओट्यांच्या कडेला ओळीत बसवतो आणि विचारतो, यात वरची जागा कोणती आणि खालची कोणती? मुले शोधत राहतात. ओटे एका उंचीचे आहेत. ओळ एकच आहे.

मग मी त्यांना उपालीची गोष्ट सांगतो. तो शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले तेव्हा त्यांनीच बुद्धाला विनंती केली की उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अहंकार गळेल. रस्ते झाडणारा सुनीतही संघात आला. संघात मान होता तो दीक्षेच्या क्रमाला. कुळ विचारले जात नव्हते. ज्या दालनाला पुढे 'महारवाडा' म्हणून गावाबाहेर टाकले, ते दालनच सहपंक्तीसाठी कोरलेले असावे. हे त्या ओट्यांवर बसल्याशिवाय कळत नाही. १९७४ साली आम्ही उंबऱ्यावरूनच हसून पुढे गेलो होतो.

एकदा एका मुलीने मला तिथे विचारले, "सर, मग हे नाव बदलायला नको का?" ती सवर्ण घरातली होती. मी म्हणालो, "बदलावे की ठेवावे हे तुम्ही ठरवा. पण आधी ते कसे पडले हे दहा जणांना सांगा." नुसते पुसले तर ते कुणी आणि का ठेवले, हेही पुसले जाईल.

६

परतीच्या वाटेवर शेवटचा मुक्काम नागसेनवनात. इथे बघायला कोरीव काम नाही. मकबऱ्याजवळच्या या माळावर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. ते १९५० मध्ये सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी त्याला 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा. तो प्रश्न विचारायचा आणि भदंत नागसेन उत्तरे द्यायचे. शहराची नावे सत्ताधाऱ्यांनी ठेवली, लेण्यांची नावे गावाच्या जातींनी ठेवली. हे नाव मात्र आपण ठेवले, आणि ते प्रश्न विचारणाऱ्याचे ठेवले.

माझे शिक्षण इथेच झाले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, तेव्हा मी इथे विद्यार्थी होतो. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, घरे जळाली, कितीतरी कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मध्ये सोळा वर्षे गेली. राजाने हुकूम काढला की शहराचे नाव एका दिवसात बदलते. आपल्या नावाला सोळा वर्षे लागली आणि रक्त लागले. नावात काय आहे, असे कुणी विचारले तर त्याला लेणे क्रमांक पाचमध्ये न्यावे आणि तिथून नागसेनवनात आणावे.

बा आता नाही. नोकरी लागल्यावर एका सुटीत मी त्याला वेरूळला नेले होते. पाचव्या लेण्यात तो आधी भिंतीपाशी गेला आणि दगडावर तळहात फिरवला. म्हणाला, "घट हाय. पानी न्हाई लागायचं हितं." मग ओट्याच्या कडेला बसला. मी त्याला ओट्यांचे, भिक्खूंचे, उपालीचे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग तवा का न्हाई सांगितलं तुमच्या मास्तरनं?"

हा प्रश्न मी सहलीला निघणाऱ्या प्रत्येक शिक्षकापुढे ठेवतो आहे. मुलांना न्या. गाइड घ्या किंवा न घ्या, पण तो जे बोलत नाही ते बोलायची तयारी करून जा. तुमच्या गाडीत चौदा वर्षांचा एखादा मुलगा असेल. पाचव्या लेण्यापाशी मुले हसतील तेव्हा पुढे जाऊ नका. थांबा.